आंबोली रात्रीची, सावंतवाडी दुपारची: चार दिवसांच्या पावसाळी सहलीची आखणी

पावसाळ्यात आंबोलीला गेलेल्या बहुतेकांची सहल घाटातल्या मोठ्या धबधब्यापाशी सुरू होते आणि तिथेच आटोपते. शनिवारी गाड्यांची रांग, भिजणं, भाजलेलं कणीस, भजी, परत. आंबोलीचं खरं वैभव, म्हणजे बेडूक आणि साप, रात्री आठ-साडेआठनंतर बाहेर पडतं, आणि नेमकी तेव्हा पाहुणेमंडळी खोलीत पत्ते कुटत बसलेली असतात. पत्त्यांना विरोध नाही. फक्त त्यांची जागा तीस किलोमीटर खाली सावंतवाडीच्या राजवाड्यात आहे आणि वेळ दुपारची. एवढी एक अदलाबदल केली की सहलीचा निम्मा आराखडा तयार होतो: जंगल रात्री, कला दुपारी छपराखाली, सकाळ झोपेची, आणि एखादी दुपार सड्याची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराची.

पुढची आखणी आठ-दहा जणांचा गट, एक स्थानिक वाटाड्या, तीन मुक्काम आणि चार दिवस असं धरून केली आहे.

आधी तारखा

दक्षिण कोकणात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लागतो. तो नीट बसल्यानंतरचे तीन-चार आठवडे बेडकांचे. आंबोली टोड हा इथलाच बेडूक तर अगदी सुरुवातीच्या पावसातच सड्यावरच्या उथळ डबक्यांवर जमतो आणि विणीचं काम उरकून पांगतो. पंधरा दिवस उशीर झाला तर तो दिसेलच असं नाही. उडणाऱ्या मलबारी बेडकाची फेसाची घरटी त्यानंतरही बरेच दिवस दिसतात.

जुलैच्या मध्यावर धुवाधार पाऊस असतो. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा याच दिवसांत कोसळतो. पागोळ्यांच्या आवाजात बेडकाचा आवाज बुडतो, धुक्यात टॉर्चचा झोत भिंतीवर आपटल्यासारखा परत येतो, घाटात दरड येण्याची भीती असते. या दिवसांत जाणारच असाल तर एक दिवस हाताशी जास्त ठेवा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा दुसरा चांगला काळ. बेडूक कमी झालेले असतात, पण साप असतात, सडा फुलतो आणि फोटोला उजेड मिळतो.

गणपतीच्या आधीचा आठवडा टाळा. सगळे चाकरमानी गावाकडे निघालेले असतात. तिकीट मिळत नाही, गाडी मिळत नाही, आणि ज्याच्या घरी राहायचं त्याच्याच घरी पाहुणे उतरलेले असतात. एरवी रविवारी संध्याकाळी आंबोलीत पोहोचून बुधवारी उतरावं. रविवारी संध्याकाळी गर्दी घाट उतरत असते आणि तुम्ही चढत असता.

दशावतारी नाटकांसाठी या दिवसांत जाऊ नका. गावच्या जत्रांतला दशावतार पावसानंतर, कार्तिकापासून सुरू होतो. बेडूक आणि दशावतार एकाच फेरीत दाखवतो म्हणणारा आयोजक दोन्हींपैकी एकाबद्दल थापा मारतो आहे. पावसात बसतात त्या छपराखालच्या कला: गंजिफा (हाताने रंगवलेले पत्ते), लाखकाम, चित्रकथी (चित्रं दाखवत गायलेली कथा), कळसूत्री बाहुल्या.

पोहोचणं

रेल्वेने सावंतवाडी रोड. स्टेशन शहरापासून सात-आठ किलोमीटर बाहेर आहे, त्यामुळे गाडी आधी ठरवून ठेवा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्याला लागतं आणि गाड्या मुद्दाम हळू चालवतात, म्हणून उन्हाळ्यातल्या वेळा धरून जेवणाचा निरोप देऊ नका. पुणे-कोल्हापूरकडून येणाऱ्यांना आजऱ्यावरून घाट न उतरताच आंबोली गाठता येते. बेळगावहूनही रस्ता सोपा आहे.

गाडी एकच मोठी घ्या. दोन गाड्या केल्या की एक हमखास धुक्यात मागे राहते, आणि फोनला रेंज नसते. घाटात धुकं असलं की हेडलाइट खालच्या झोतावर ठेवायला ड्रायव्हरला सांगा. वरच्या झोताने पुढे फक्त पांढरा पडदा दिसतो.

वाटाड्या निवडताना

आंबोली-चौकुळ भागात बेडूक-साप ओळखणारी स्थानिक पोरं आहेत आणि त्यातली काही फार तयारीची आहेत. फोनवर तीन प्रश्न विचारावेत. एका वेळी किती जण नेता? दहाच्या वर आकडा सांगितला तर सोडून द्या. साप हातात धरून दाखवता का? ‘हो’ म्हणाला तर ताबडतोब सोडा. सापाला धरणं-छेडणं कायद्याने गुन्हा आहे, आणि तसं करणारा माणूस तुमच्या गटातल्या पोरांनाही तेच शिकवणार. तिसरा प्रश्न: रात्रीची फेरी कुठून नेता? राखीव जंगलात रात्री शिरायला वनखात्याची परवानगी लागते. जाणता वाटाड्या गावरस्ता, ओढ्यावरचा पूल, मालकाला विचारून एखादी बाग, होमस्टेचं आवार एवढ्यातच फिरवतो. आंबोलीत ते पुरतं. चांगलं बरंचसं रस्त्याच्या कडेलाच बसलेलं असतं.

बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर बसवणारा वाटाड्या ही एक वेगळीच जात आहे. त्याने काढून दिलेले फोटो सुंदर असतात आणि खोटे असतात.

पहिला दिवस: दुपार सावंतवाडीत

सामान गाडीतच ठेवून मोती तलावाकाठच्या राजवाड्यात जा. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. इथल्या दरबारी दालनात गंजिफा रंगवणारे कारागीर बसतात. ही कला मरणपंथाला लागली होती. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात ती पुन्हा उभी केली. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

लोक इथे दहा मिनिटं काचेआडचे पत्ते पाहतात आणि बाहेर पडतात. तासभर द्या, आणि एक पत्ता हातात घेऊन पाहायची परवानगी मागा. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा. राजाच्या पत्त्यावर स्वतः अवतार, मग प्रधान, मग एक्का ते दश्शी. मत्स्याच्या सत्तीवर सात मासे मोजून दिसतात. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, पाठीला लाख देऊन पत्ता करत. बोटाने टिचकी मारली की लाखेच्या पत्त्याचा आवाज पुठ्ठ्यापेक्षा वेगळा येतो. खेळ तिघांचा, प्रत्येकाला चाळीस पाने. खोच अशी की पाच अवतारांत आकड्यांचा क्रम उलटा चालतो, तिथे एक्का दश्शीला मारतो. उरलेल्या पाचांत दश्शी मोठी. दिवसा खेळायला बसलात तर सुरुवात रामाची, रात्री कृष्णाची. गटातल्या तिघांना बसवून एक हात खेळायला लावा. हुकूम नाही, सगळा खेळ आठवणीचा, त्यामुळे पहिल्या हाताला सगळेच हरतात.

तिथून चितार आळी. लाकडी फळं-भाज्या, पाट, रंगीत खेळणी. पांगाऱ्याच्या लाकडाचं खेळणं हातात घेतल्यावर दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं. रंग लाखेचा की डब्यातला हे दुकानदाराला सरळ विचारा, ते सांगतात. खरेदी मात्र चौथ्या दिवशी परतताना करा. तीन दिवस आंबोलीच्या दमटात पिशवीत ठेवलेलं लाकूड फुगतं, आणि कागदाला बुरशी धरते.

याच बाजारातून शेतकरी वापरतात ते गमबूट घ्या. महागडे ट्रेकिंगचे बूट पहिल्याच दिवशी आतून भिजतात आणि चार दिवस वाळत नाहीत. मापाला एक नंबर मोठे घ्या, आत जाड मोजे घालता येतात. चार वाजता घाट चढायला लागा, अंधारात नको.

रात्रीची फेरी

जेवण साडेसातला. उशिरा जेवलेला गट फेरीत पेंगतो. साडेआठला निघून अकरापर्यंत परत.

प्रत्येकाकडे टॉर्च हवा, पण पेटलेले दोनच: सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा. दहा टॉर्च पेटले की बेडूक गप्प होतात, आणि माणसांना पण फक्त एकमेकांचे रेनकोट दिसतात. रेनकोटवरून आठवलं, प्लास्टिकचा सळसळणारा रेनकोट फेरीत नको. छत्री बरी. आवाज होत नाही, कॅमेऱ्यावरही धरता येते.

निघाल्यावर पहिल्या शंभर पावलांनंतर थांबा. सगळे टॉर्च बंद. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. आधी नुसता कल्ला ऐकू येतो, मग हळूहळू तो सुटा होतो: झुडपातून येणारी टकटक, डबक्यातला जाड सूर, लांबचा किरकिरणारा किडा. एक आवाज निवडा. बेडूक अंगठ्याच्या नखाएवढा आणि आवाज घरभर, त्यामुळे एकट्याने शोधला तर तो सगळीकडूनच येतोय असं वाटतं. दोघांनी चार-पाच पावलांच्या अंतरावर उभं राहावं, डोळे मिटून आवाजाच्या दिशेने हात लांब करावा, मग एकदाच टॉर्च लावावा. दोन हातांच्या रेषा जिथे मिळतात त्या पानाच्या आसपास बेडूक असतो. या युक्तीने पाच मिनिटांत सापडतो. नुसतं टॉर्च फिरवून अर्धा तास गेला तरी सापडत नाही.

उडणाऱ्या मलबारी बेडकासाठी पाण्याची टाकी, हौद, डबक्यावर झुकलेली फांदी बघा. अंगाने हिरवाकंच, बोटांमधले पडदे शेंदरी. घरटं आधी दिसतं: पाण्याच्या वर पानाला किंवा टाकीच्या भिंतीला चिकटलेला तळहाताएवढा पांढरा फेस, नुकताच साबण फेसाळल्यासारखा. मादी मागच्या पायांनी तो घुसळून काढते. एक-दोन दिवसांत बाहेरचा थर वाळून पिवळट होतो आणि आत अंडी ओली राहतात. पुढे फेस पातळ होतो आणि बेडकाची पिल्लं थेंबाथेंबाने खाली पाण्यात पडतात. खाली पाणी आहे म्हणूनच मादीने ती जागा निवडलेली असते. फोटोसाठी फांदी वाकवून सोडली आणि ती हातभर बाजूला राहिली, की पिल्लं पाण्याऐवजी चिखलात पडतात. एवढ्याने अख्खं घरटं वाया जातं. फांदीला हात लावू नका, दुसऱ्याला लावू देऊ नका.

मलबारी चापडा हा विषारी साप इथला राजा. हिरवा, पिवळट, तपकिरी, बदामी, हवा त्या रंगात सापडतो. एकाच फांदीवर दिवसचे दिवस बसून राहतो, त्यामुळे काल दिसला तिथे आजही पाहायला मिळतो. बहुतेकदा कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर. म्हणूनच नियम: चालताना आधाराला फांदी, कठडा, झाडाचं खोड धरायचं नाही. घसरलात तर खुशाल बसा. चापड्यापासून एक मीटर लांब राहा, तो तेवढ्यात काहीच करत नाही.

एका जीवावर उजेड अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको. फ्लॅश कमीत कमी ताकदीवर, पुढे पांढरा कागद किंवा डिफ्यूझर लावून, आणि एकेकाने. दहा जणांनी एकदम मारलेल्या फ्लॅशने चांगला फोटो कुणाचाच येत नाही.

डासांचं मलम हाताला लावू नका. बेडूक कातडीतून श्वास घेतो आणि पाणी घेतो. मलमाचा हात लागला तर ते त्याच्या अंगात जातं. मलम बाहीला, मोज्यांना. तसं तर बेडकाला हात लागायचं कारणच नाही.

जळवांचा बाऊ नको. पँट मोज्यात खोचा. चिकटली तर ओढू नका, नखाने कडेने सरकवून सुटी करा. रक्त काही वेळ वाहतं, कापूस दाबून धरा. वाटेवर मीठ टाकत जाणारे लोक असतात, त्यांना आवरा. ते मीठ पावसाने बेडकांच्या डबक्यात जातं.

आता साप चावण्याबद्दल, कारण हे कुणी नीट सांगत नाही. आपल्याकडचं प्रतिविष (साप चावल्यावर देतात ते इंजेक्शन) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आहे. चापड्याचं विष त्यात धरलेलं नाही. म्हणून अंतर हाच इलाज. तरीही चावलाच तर पट्टी आवळू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. हात किंवा पाय न हलवता १०८ला फोन करा. आंबोलीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पुढे सावंतवाडीत उपजिल्हा रुग्णालय. रात्रभर गाडी आणि ड्रायव्हर मुक्कामापाशीच ठेवा, खाली पाठवू नका.

दुसरा आणि तिसरा दिवस

सकाळी नऊच्या आत कुणाला उठवू नका. मग हिरण्यकेशी. नदी जिथे गुहेतून बाहेर पडते तिथेच शिवाचं देऊळ आणि पाण्याचं कुंड. या परिसरात सापडलेल्या एका छोट्या माशाचं २०२० मध्ये नवी जात म्हणून वर्णन झालं आणि त्याला नदीचंच नाव मिळालं: शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. कुंडात पाय धुणं, साबण, प्रसादाच्या पिशव्या, नाणी काहीही नको. मासा पाहायला तर काठावर बसून सावली न पाडता दहा मिनिटं थांबावं लागतं.

दुपारनंतर चौकुळकडचा सडा. जांभ्याचा उघडा कातळ, त्यावर बोटभर पाण्याची डबकी. त्यांत टोडची अंडी, पिल्लं आणि ड्रॉसेरा ही कीटकभक्षी झुडपं असतात, आणि गमबुटाचा एक पाय त्या सगळ्यांवर पडतो. कोरड्या-काळ्या कातळावरून चाला, हिरव्या शेवाळावरून नाही. तिथे पाय टिकतही नाही. आंबोली टोड याच भागातल्या सड्यांवर राहतो, जगात इतरत्र नाही. कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे. विज्ञानात त्याचं वर्णन झालं ते २००९ मध्ये. पावसातल्या रात्री तो डांबरी रस्त्यावरही येतो आणि गाडीखाली मरतो. म्हणून रात्रीची फेरी चालत, गाडीतून नाही.

गडगडायला लागलं की सडा सोडा. तिथे सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता.

कावळेसाद पॉइंट तिसऱ्या सकाळी उरकून घ्या. वाऱ्याने उलटं उडणारं धबधब्याचं पाणी धुकं हटलं तरच दिसतं. नाही दिसलं तर अर्ध्या तासाने निघा, कठड्याबाहेर जाऊन वाट पाहू नका. हत्ती बघायचे म्हणून दोडामार्गाकडे जाऊया, असं गटात कुणीतरी म्हणतंच. २००२ पासून कर्नाटकातून आलेले हत्ती तिथल्या केळी-माडांच्या बागांत फिरतात. बागवाल्याच्या नुकसानीचा तमाशा पाहायला जाऊ नये, आणि अंधारात तर मुळीच नाही.

जेवणाचं आधी सांगून ठेवा. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, श्रावणात बऱ्याच घरी मासे शिजत नाहीत. ताज्या सुरमईचा हट्ट धरलात तर बर्फातली मिळेल. त्यापेक्षा घरचं मागा: कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी, घावणे-चटणी, नारळाच्या रसातले शिरवाळे.

चौथा दिवस: पिंगुळी

सकाळी घाट उतरून कुडाळच्या वाटेवर पिंगुळी. इथे ठाकर समाजाची चित्रकथी आहे. कागदावरची चित्रं पाठीला पाठ चिकटवून पोथी केलेली असते, आणि कलाकार एकेक चित्र उलटत, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातला प्रसंग गातो. परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरचं ठाकर आदिवासी कला आंगण हे छोटं संग्रहालय पाहण्यासारखं आहे.

अचानक जाऊन दार वाजवू नका. आठ दिवस आधी फोन करून चित्रकथी, कळसूत्री की दोन्ही, किती माणसं, किती वेळ आणि मानधन किती हे ठरवा. ठरलेली रक्कम पाकिटात रोख द्या, घासाघीस करू नका. जुन्या चित्रांवर फ्लॅश नको. मुलं पुढे बसवा. अर्धा तास ठरवून गेलेले गट नेहमी घाईत उठतात, तासभर ठेवा.

इथेच दशावताराची चौकशीही करून ठेवावी. जत्रा तिथीने असते, इंग्रजी तारखेने नाही, म्हणून ‘डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी’ असं ठरवून येणाऱ्यांचा हमखास पोपट होतो. देवळाची तिथी विचारा, कोणती कंपनी येणार ते विचारा. खेळ मध्यरात्रीच्या सुमारास रंगतो, संकासुर हे विनोदी पात्र आधी हसवून घेतं, मग आख्यान लागतं आणि पहाटे खेळ दहीकाल्याने संपतो. संवाद पाठ केलेले नसतात, त्यामुळे तेच आख्यान दुसऱ्या गावात वेगळं होतं.

परतीची गाडी कुडाळहून धरा, पिंगुळीहून स्टेशन जवळ आहे. निघण्यापूर्वी गमबूट आणि काठ्या चिखल निघेपर्यंत धुवा, घरी पोहोचल्यावर उन्हात कडकडीत वाळवा. जगभर बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जाते, आणि पुढच्या आठवड्यात हेच बूट घालून कुणीतरी भीमाशंकरला निघालेलं असतं.